‘म्हणूनच’च्या पुढचं सगळं

टकळीला परदेशात येऊन दोन महिने होत आले होते आणि या दोन महिन्यांत तिने कुणालाही काही म्हणजे काही सांगितलं नव्हतं. तशी ती अखंड बोलत होती. घरच्यांनी तिचं नाव टकळी उगाच नव्हतं ठेवलं; ती झोपेतसुद्धा कुणाला तरी काहीतरी समजावून सांगत असे. पण ज्या कामासाठी मिशनने तिला तिकीट काढून इतक्या लांब पाठवलं होतं, ते तिचं भाषण मात्र घडीही न मोडलेल्या साडीसारखं आत तसंच पडून होतं.

भानगड अशी होती. मिशनचा नियम होता की सेविकांनी जोडीनेच हिंडायचं आणि दारात उभं राहून जे सांगायचं ते दोघींनी वाटून घ्यायचं. भाषा परकी आणि जीभ पिळून काढणारी, म्हणून प्रत्येकीने आपापलाच अर्धा भाग घोकायचा. पहिला थोरलीचा, दुसरा धाकटीचा. थोरली म्हणजे ताई. ती वर्षभर आधी आलेली, बुटांना रोज पॉलिश करणारी, हसायचं झालं तरी आधी परवानगी घेईल अशी. ताईच्या वाट्याला नमस्कार, आम्ही कोण, कुठल्या, आणि मग अंधारात कंदील शोधणाऱ्या वाटसरूची गोष्ट. टकळीच्या वाट्याला त्या गोष्टीचा अर्थ. तिचा भाग सुरू व्हायचा ‘म्हणूनच’ या शब्दाने.

आता तुम्हीच सांगा, अनोळखी मुली दारात आल्यावर ‘म्हणूनच’पर्यंत कोण थांबतं?

बहुतेक दारं नमस्कारालाच मिटायची. एका गृहस्थांनी अर्ध्या गालाला फेस लावलेला असताना दार उघडलं आणि उरलेला अर्धा गाल आठवल्यासारखं करून लावून घेतलं. एका आजीबाईंनी सगळं ऐकल्यासारखी मान हलवली, मग कानातलं यंत्र घालून आल्या आणि विचारलं, काय म्हणालात? ताईने पहिल्यापासून सुरू केलं, तेव्हा त्यांनी यंत्र पुन्हा काढून ठेवलं. एकदाच, फक्त एकदाच, ताई गोष्टीच्या शेवटच्या वाक्याला पोचली होती. टकळीने छाती भरून श्वासही घेतला होता. तेवढ्यात आत दूध उतू गेलं आणि तो श्वास टकळीला जिन्यावर नुसताच सोडून द्यावा लागला.

दर रविवारी आईचा फोन यायचा. किती जणांना सांगितलंस, असं ती विचारायची आणि टकळी म्हणायची, खूप फिरतोय गं. मागून दादा ओरडायचा की हिला तिकडे दारांचे रंग बघायला पाठवलंय. टकळी त्याला उत्तर द्यायची नाही, यावरून आईला काय ते कळायचं.

त्यात शनिवारी मिशनचे साहेब येणार होते. साहेब तसे मवाळ, पण प्रत्येक जोडीला एकच प्रश्न विचारायचे: पूर्ण भाषण एकदा तरी झालं का? झालं नसेल तर त्या धाकटीची रवानगी केंद्राच्या स्वयंपाकघरात. तिथे दिवसभर बटाटे सोलायचे. टकळीला बटाटे सोलायचं वावडं नव्हतं. पण बटाट्यांना ‘म्हणूनच’ सांगून काय उपयोग?

आणि शुक्रवारी सकाळी ताईचा आवाज बसला.

बसला म्हणजे पार तळाला गेला. ताईने तोंड उघडलं की मांजराच्या पिल्लाची शेपटी दारात सापडल्यासारखं काहीतरी बाहेर पडायचं. तिने खुणेने सांगितलं, आज नको. टकळीने तिला गरम पाणी दिलं, मफलर गुंडाळला, स्वतःच्या हाताने तिच्या बुटांना पॉलिश केलं आणि एवढं करूनही ती हलेना तेव्हा सरळ सांगितलं, “ताई, तू फक्त उभी राहा. नियमात दोघी हव्यात म्हटलंय, दोघींचा आवाज हवा असं कुठे म्हटलंय?”

ताईने विचार केला. नियमात तसं खरंच नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या पहिल्याच दाराला बेल मारली तर आतून कुणीतरी कोपराने कडी काढली. दारात एक शिवणकाम करणाऱ्या बाई उभ्या होत्या. त्यांच्या दोन्ही हातांत भला मोठा पडदा होता, गळ्यात टेप होती आणि ओठांत टाचण्यांची रांग. बाईंना दार लावायला हात रिकामा नव्हता आणि नको म्हणायला तोंड.

टकळीच्या डोक्यात वीज चमकली. याहून चांगलं माणूस जन्मात मिळणार नव्हतं. तिने ताईकडे पाहिलं, ताईने छान मान लववून नमस्कार केला, आणि टकळीने तोंड उघडलं. पण तिच्याकडे दुसरं होतंच काय? दोन महिने जे घोकलं तेच बाहेर आलं.

“म्हणूनच, मित्रांनो, आत्ताच आपण पाहिलं त्याप्रमाणे…”

बाईंच्या भुवया वर गेल्या. त्यांनी पडदा खाली ठेवला आणि ओठांतल्या टाचण्या एकेक काढून मनगटावरच्या उशीत खोचल्या. टकळीला वाटलं, संपलं, आता दार लागणार. पण बाईंनी विचारलं, “आत्ताच काय पाहिलं?”

हे कुणी विचारेल असं मिशनमध्ये कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. टकळीला पहिला अर्धा मराठीत पाठ होता, या भाषेत नमस्कारापलीकडे त्यातला एक शब्द येत नव्हता. तिने ताईकडे बोट दाखवलं. बाई ताईकडे वळल्या. ताईने तोंड उघडलं, तर पिल्लाची शेपटी पुन्हा दारात सापडली.

बाईंनी दोघींना आत ओढलं. बिचारीला चहा तरी पाजते म्हणाल्या. पण ताई, बुटांना रोज पॉलिश करणारी ताई, चहाला बसलीच नाही. तिने खोलीच्या मधोमध जाऊन अदृश्य कंदील वर धरला आणि चालायला लागली.

बाई खुर्चीच्या टोकावर आल्या आणि ओळखू लागल्या. कोळी आहे का, मासे पकडणारा? टकळीने मान हलवली. दंतवैद्य? नाही. एवढ्यात बाईंचा नवरा वर्तमानपत्र घेऊन आतल्या दारात आला. त्याच वेळी गोष्टीतल्या वाटसरूचा कंदील हरवला, म्हणून ताई गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी जमीन चाचपू लागली आणि भावनेच्या भरात तिच्या घशातून एक लांबलचक आवाज निघाला.

“गाढव,” नवरा म्हणाला.

टकळीने नाही, नाही असं दहादा सांगितलं. पण नवऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी ओळखलं होतं, तो कशाला सोडतोय? बाई म्हणाल्या, गाढव कशाला कंदील धरेल? त्यावर तो म्हणाला की नीट धरता येत नाही म्हणून तर हरवला. बाईंना ते पटलं. दोघं शेजारी शेजारी बसली आणि टकळीकडे पाहू लागली. बाई म्हणाल्या, “हं. गाढवाचा कंदील हरवला. पुढे?”

टकळीने ताईकडे पाहिलं. ताई अजून गुडघ्यांवरच होती. तिने हताशपणे हात हलवला, बोल बाई, काय ते बोल.

मग टकळीने दोन महिन्यांचा श्वास घेतला.

“म्हणूनच, मित्रांनो, आत्ताच आपण पाहिलं त्याप्रमाणे, तो जे सगळीकडे शोधत होता ते त्याच्या स्वतःच्याच पाठीवर बांधलेलं होतं.”

“बघ,” नवरा बायकोला म्हणाला. “पाठीवर. गाढवच.”

“आपणही त्याच्यासारखेच आहोत,” टकळी म्हणाली. बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि हे मात्र शंभर टक्के खरं असल्याचं जाहीर केलं.

टकळी थांबली नाही. ओझ्याबद्दल बोलली, उजेडाबद्दल बोलली, वाटेत भेटणाऱ्या सोबत्यांबद्दल बोलली. मधे एकदा नवरा डोळे पुसत होता. गाढवासाठी की कशासाठी, ते विचारायची सोय नव्हती. जिथे आवाज खाली आणायचा तिथे तिने खाली आणला, जिथे हात छातीवर ठेवायचा तिथे ठेवला. चहा निवला. कुणी उठलं नाही, कुठे दूध उतू गेलं नाही. आणि बघता बघता ती शेवटच्या वाक्याला येऊन पोचली. ते वाक्य म्हणजे एक प्रश्न होता.

“तर तुम्ही रविवारी आमच्या प्रार्थनासभेला याल का?”

“हो,” बाई म्हणाल्या.

‘नाही’ म्हटलं तर काय बोलायचं याची उत्तरं मिशनने पानंच्या पानं भरून शिकवली होती. आत्ता वेळ नाही, मग कधीतरी, आमचं आम्ही बघतो, सगळ्याला उत्तर होतं. ‘हो’ला काय म्हणायचं ते कुणी शिकवलंच नव्हतं. शेवटी भाषेच्या पहिल्या आठवड्यात शिकलेला एक शब्द तिच्या मदतीला धावून आला.

“का?” तिने विचारलं.

ताईने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. बाई मात्र खो खो हसत सुटल्या, इतक्या की हात लागून टाचण्यांची डबी उलटली आणि चौघंही जमिनीवर बसून त्या वेचू लागली.

“तुझी मैत्रीण तोवर बरी होईल ना?” बाईंनी टाचण्या वेचता वेचता विचारलं. “गाढवाकडे मुळात कंदील आला कुठून, ते मला तिच्या तोंडून ऐकायचंय.”