मालनबाईंचा पोत

“काकू, तोंड पब्लिककडं ठेवायचं,” विकासने स्टेजवर खडूने फुली मारली. “इथं उभं राहा. सामनेच चीफ गेस्ट बसतेत. शूटिंग पण आहे.”

“आन देवी कुठंय?”

“मागं आहे की.”

“म्हणजे तिला पाठ दाखवू?”

“पाच मिनिटांचा आयटम आहे, काकू. चिडता कायकू?”

मालनबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लग्न होऊन बरकतपुऱ्याच्या गल्लीत आल्यापासून नवरात्रात त्या पोत खेळत होत्या. चिंध्यांचा जाड पीळ तेलात भिजवून पेटवायचा आणि तो हातात धरून देवीसमोर नाचायचं. बायका गाणी धरायच्या. कोण बघतंय याची फिकीर कुणालाच नसे. मालनबाईंना तर स्वतःचीही शुद्ध नसे. हाच पुतण्या तेव्हा आईच्या कडेवरून पोताला हात जोडायचा. आता तो मंडळाचा सेक्रेटरी होता. देवी यंदा गल्ली सोडून हिमायतनगरच्या फंक्शन हॉलमध्ये बसली होती, आणि तिच्या डोक्यावर नव्यानेच आलेल्या विदेशी थंड पेयाचा फलक झळकत होता.

संध्याकाळी कॅसेट सुरू झाली. मालनबाईंनी पोत पेटवला, फुलीवर पाय दिला आणि सगळ्या हॉलकडे पाठ करून नाचू लागल्या.

“काकू, फिरा,” विकास विंगेतून आधी हळू, मग मोठ्याने म्हणाला.

त्या फिरल्या नाहीत. कुणीतरी शिटी मारली. कॅसेट बंद झाली, तशी मालनबाईंनी स्वतःच गाणं धरलं. शेवटी त्यांच्या पाठीमागे पडदा ओढला गेला आणि पलीकडे दांडियाची घोषणा झाली. त्या देवीसमोर नाचत राहिल्या. गाणं पुरं झालं, तेव्हाच थांबल्या.

विकास बादली घेऊन आला. “इज्जत घालवली तुम्ही. विझवा ते.”

“पाण्यात? पोत दुधात शांत करतात रे. आईनं एवढंही शिकवलं नाही? दूध आण.”

“दूध गेस्टच्या चहाला गेलं.”

“मग, चहा तरी बरा झाला का त्यांचा?”

देवीकडे तोंड ठेवून, पायाने एकेक पायरी चाचपत मालनबाई उलट्या पावलांनी खाली उतरल्या आणि जळता पोत घेऊन मागच्या दाराने रस्त्यावर आल्या.

चौकात स्कूटरी खोळंबल्या. एका ऑटोवाल्याने हात आडवा करून मागच्यांना थोपवलं. “ठैरो मियाँ, अम्माकू जाने दो.”

घरी दूध होतं. घर नारायणगुड्याच्या पलीकडे. तापलेलं तेल मनगटावरून कोपराकडे ओघळत होतं. मालनबाईंनी हात बदलला नाही.