चिदोरीची चाल

माझं काम गाड्यांचे आवाज मारायचं. दार खडखडलं, काचेच्या फटीतून वारा शिट्टी घालायला लागला, सीटखाली काही किरकिरलं, की मला बोलावणं यायचं आणि मी कान लावून बसायची. मात्र इनोहारा कंपनीत मी लागले तेव्हा आम्ही पाण्याचे पंप आणि चहाच्या मळ्यात फिरणाऱ्या छोट्या मालगाड्या, म्हणजे टेम्पोच, बनवत होतो. चहाची झुडपं आवाजाची तक्रार करत नाहीत, त्यामुळे माझा बराचसा वेळ खिडकीबाहेर बघण्यात जायचा.

एके काळी मात्र याच कारखान्यातून चिदोरी निघायची. दोनच माणसांची, बुटकी, लांब नाकाची स्पोर्ट्स कार. चिदोरी म्हणजे ओल्या वाळूवर तिरकं तिरकं पळणारं एक इवलंसं पाखरू. दारू पिऊन घरी निघालेला माणूस जसा चालतो, त्यालाही आम्ही चिदोरीची चाल म्हणतो. गाडीचं बारसं करणाऱ्या थोरल्या इनोहारांच्या मनात पाखरूच होतं. विकत घेणाऱ्यांना दुसरा अर्थ पहिल्याच पुलावर कळायचा. रस्त्याला जरा उंचवटा आला की गाडीचं मागचं अंग दोनदा डुलायचं आणि मग काही झालंच नाही अशा थाटात सरळ व्हायचं. तरीही लोकांनी तिच्यावर जीव टाकला. पुढे पेट्रोल महागलं आणि चिदोरी बंद झाली.

थोरल्यांची नात कंपनीची मालकीण झाली आणि तिनं पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं, "चिदोरी परत आणायची. आणि आणून थांबायचं नाही. दर वर्षी आदल्या वर्षीपेक्षा चांगली करायची."

हे काम गेलं कुरेबायाशीसानकडे. आमचे मुख्य इंजिनिअर. भांग असा पाडायचे की पट्टी ठेवून तपासावा. जेवून झालं की डब्यावर चॉपस्टिक्स ठेवायचे त्याही समांतर, आणि शेजारच्याच्या वाकड्या दिसल्या तर बोलता बोलता त्याही सरळ करायचे. अशा माणसाच्या हाती चिदोरी लागली. त्यांनी तिला सुतासारखी सरळ केली. मी तिचा एकूण एक आवाज मारला. दार लावलं तरी मिटलं की नाही ते हात लावून बघावं लागे. आम्ही दोघंही स्वतःवर फार खूश होतो.

पहिली गाडी दाखवायचा समारंभ कारखान्याच्या अंगणात झाला. आमच्या एन्शू भागाचा कोरडा वारा सुटला होता आणि पाहुण्यांच्या टोप्या पंपांच्या गोदामाकडे पळत होत्या. जुन्या चिदोरीवाल्यांची एक मंडळी होती, ती आपापल्या गाड्या घेऊन, म्हणजे त्यातल्या काही ढकलत, हजर झाली. त्यांच्या प्रमुख नागुरा फुसाएसान. वाम माशाच्या खाणावळीच्या मालकीण, पंचाहत्तरी ओलांडलेल्या, बांधा पिंपासारखा आणि आवाज त्याहून भरदार. चाळीसेक वर्षं रोज सकाळी नदीकाठच्या बाजारातून जिवंत वामी चिदोरीतूनच आणायच्या. नव्या गाडीची पहिली फेरी मारायचा मान त्यांना दिला होता.

त्या फेरी मारून आल्या, उतरल्या, दार लावलं, दाराकडे जरा वेळ बघितलं.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "कुणाची आहे?"

"चिदोरी आहे, नागुरासान," कुरेबायाशीसान म्हणाले.

"असं होय. मला वाटलं फ्रिजला चाकं लावलीत. थंड, गप्प, आणि आत दिवा लागतो." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पोरी, माझ्या गाडीतून पूल ओलांडला की माझ्या बुडाला कळतं पूल आला म्हणून. हिच्यात मला बाहेर बघावं लागलं."

स्थानिक वर्तमानपत्रानं दुसऱ्या दिवशी फ्रिजचं वाक्य मथळ्यात छापलं. मंडळीतल्या एकानंही गाडी घेतली नाही. कुरेबायाशीसाननी दुपारचा डबा उघडलाच नाही, आणि माझ्या चॉपस्टिक्स वाकड्या पडल्या होत्या तरी हात लावला नाही. तेव्हा मला खरी काळजी वाटली.

मालकीणबाईंनी दोघांना बोलावून घेतलं. "आता त्यांच्या खाणावळीत जा," त्या म्हणाल्या. "गाडीत काय कमी आहे ते त्यांनाच विचारा."

"कमी काही नाहीये," कुरेबायाशीसान म्हणाले. "दोष कमी आहेत."

"मग ते विचारा."

तसे आम्ही गेलो. नागुरासाननी आधी पोटभर भाजलेली वाम आणि भात खाऊ घातला, मग किल्ली पुढे केली. मी त्यांच्या गाडीला जागोजाग माइक चिकटवले आणि आवाज टिपत हिंडले. सगळ्यांत सुंदर आवाज दाराचा होता. लावलं की आधी 'बफ्', आणि त्याच्या मागोमाग, अगदी बारीक, 'चिर्रिन'. देवळातली छोटी घंटा लांबून ऐकावी तसा.

"हाच तो," नागुरासान म्हणाल्या. "हा आवाज आला की मला कळतं, घरी पोचले."

आयुष्यभर आवाज मारणाऱ्या बाईला आता एक आवाज जन्माला घालायचा होता. मी त्या 'चिर्रिन'चा पाठलागच केला. घरीदेखील कपाटाची दारं आपटून बघायची. नवऱ्यानं एकदा विचारलं, काही राग आलाय का. शेवटी एका खास मिश्रधातूची बारीक पट्टी जमली. दाराच्या आत ठरावीक कोनात टांगली की हुबेहूब वाजायची. त्या वर्षीच्या चिदोरीत सुधारणा म्हणून आम्ही ती बसवली. लोक खूश झाले. गाड्या खपायला लागल्या. दुकानांत माणसं नुसती दारं लावून बघायला यायची आणि एकमेकांना गप्प करायची.

नंतर एकदा नागुरासानच्या जुन्या गाडीची काच वर चढेना म्हणून त्यांनी ती आमच्याकडे आणली. कुरेबायाशीसाननी स्वतः दाराच्या आतला पत्रा उघडला. आतून एक केसांचा आकडा खाली पडला. पितळी, टोकाला काचेचा मणी. फरशीवर पडताना तो म्हणाला, 'चिर्रिन'.

मग कुरेबायाशीसाननी दार लावून बघितलं. 'बफ्'. एवढंच.

"अगं बाई, इथे होता होय हा," नागुरासान म्हणाल्या. "माझ्या नणंदेनं चोरला म्हणून मी तिच्याशी कधीपासून बोलत नाहीये."

"आता कळलं ना, नागुरासान. बरं झालं," मी म्हटलं.

"बरं कसलं. आता तिची माफी मागावी लागेल." त्यांनी आकडा हातात घेऊन नीट न्याहाळला आणि कुरेबायाशीसानच्या हातावर ठेवला. "परत आत टाका आणि पत्रा लावा. मी काही बघितलं नाही."

कुरेबायाशीसानना मात्र राहवेना. ज्या माणसाला वाकड्या काड्या सहन होत नाहीत, त्याला पोटात एवढी वाकडी गोष्ट कशी ठेवता येणार. पुढच्या समारंभात ते माइकसमोर उभे राहिले आणि नव्वद अंशात वाकून म्हणाले, की आम्ही ज्याला चिदोरीचा अस्सल आवाज म्हणून विकलं, तो एका आदरणीय ग्राहकाच्या हरवलेल्या आकड्याचा आवाज आहे. मूळ गाड्यांपैकी दुसऱ्या कुठल्याच गाडीत तो नव्हता. आम्ही मनापासून दिलगीर आहोत. ज्यांना पट्टी काढून हवी असेल त्यांना काढून देऊ.

पहिल्या रांगेत नागुरासानपासून दोन खुर्च्या सोडून त्यांची नणंद बसली होती. तिनं मान अगदी सावकाश त्यांच्याकडे वळवली.

मग मागून एका गृहस्थांनी हात वर केला. "पट्टी काढली, तर तिथं माझ्या बायकोचं बटण टाकून मिळेल का?"

दुसरा म्हणाला, त्याला माहजोंगची सोंगटी टाकायचीय, जिनं तो आयुष्यात एकदाच जिंकला होता. एका बाईंना त्यांच्या मांजराच्या गळ्यातलं घुंगरू टाकायचं होतं. ते मांजर जिवंत होतं आणि तिथंच टोपलीत बसलेलं होतं, ही गोष्ट वेगळी.

म्हणून त्या वर्षीची सुधारणा अशी, की दाराच्या आत एक छोटा कप्पा आणि त्याला बाहेरून झाकण. ज्यानं त्यानं आपापला आवाज आत टाकावा. कुरेबायाशीसाननी त्या कप्प्याचे कोपरे इतके नेमके गोल केले, की त्यात टाकलेली कुठलीही वस्तू गोडच वाजते. ते काम करताना मी त्यांना पहिल्यांदा गुणगुणताना ऐकलं. एकच ओळ पुन्हा पुन्हा, पण अगदी सुरात. नागुरासान आणि नणंद यांच्यात नेमकं काय झालं ते मला माहीत नाही. त्यानंतर नणंद रोज खाणावळीत येऊन फुकट जेवायला लागली, एवढं सगळ्यांनी बघितलं.

आता राहिलं होतं ते डुलणं. नागुरासाननी अजून नवी चिदोरी घेतली नव्हती आणि दर खेपेला तेच म्हणायच्या, "चाल कुठाय?"

या एका बाबतीत कुरेबायाशीसान हटेनात. "आवाज वेगळा. डुलणं हा दोष आहे. गाडी सरळ चालावी म्हणून मी आयुष्य घातलं. तिला मुद्दाम वाकडी चालायला शिकवू? उद्या विमानाला उचकी लावा म्हणाल."

आम्ही नागुरासानच्या खाणावळीत बसलो होतो तेव्हाचं हे बोलणं. नागुरासान निखाऱ्यावर वामीचे तुकडे उलटत होत्या.

"इंजिनिअरसाहेब, माझा नवरा रोज संध्याकाळी घोटभर घेऊन डुलत डुलत घरी यायचा," त्या पंखा हलवत म्हणाल्या. "मी त्याला सरळ करायला गेले नाही. तो पडणार नाही, एवढंच बघितलं. गल्लीतली दगडं उचलली, गटारावर फळी टाकली. सरळ चालणारा नवरा मला ओळखूच आला नसता."

कुरेबायाशीसान तुकडा तोंडाशी धरून थांबले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या विभागाला उभं करून सांगितलं, "यंदा गाडी डुलेल. पण पडणार नाही." आणि फळ्यावर तेवढंच लिहिलं. तरुण इंजिनिअरांनी ते गंभीरपणे उतरवून घेतलं.

मागच्या चाकांच्या स्प्रिंगांवर ते महिनोन्महिने झटले. नमुन्याची गाडी रस्त्यावर पळवायचं काम माझ्याकडे आलं, कारण इतर चालकांना डुलणं जाणवलं की त्यांचे हात आपोआप स्टिअरिंग सरळ करायचे, आणि मला गाडी फारशी चांगली चालवताच येत नसल्यानं मी मध्ये पडत नसे. एका दुपारी तेन्र्यू नदीचा पूल उतरते न उतरते तोच मागून पोलिसाची गाडी आली.

"बाई, घेतलीय का?"

"नाही."

"फुंका." मी फुंकलं. त्यानं यंत्राकडे बघितलं, झटकलं, पुन्हा फुंकायला लावलं. काहीच नाही. "पण तुम्ही डुलत होतात."

"मी नाही, गाडी डुलत होती."

"बिघडलीय?"

"सुधारलीय," मी म्हटलं. "आधी सरळ जायची."

तो गाडीभोवती एक चक्कर मारून आला. मग बॉनेटवरचं पाखराचं चिन्ह त्याला दिसलं आणि चेहरा एकदम सैल पडला. "चिदोरी होय," तो म्हणाला. "आधी नाही का सांगायचं. आमच्या मामांकडे होती." आणि मला पुलावरून आणखी एकदा जाऊन यायला लावलं. या वेळी तो कठड्याला टेकून बघत होता.

त्या वर्षीच्या समारंभात नागुरासान फेरीला म्हणून निघाल्या आणि वळणावर न वळता थेट कारखान्याच्या फाटकाबाहेर गेल्या. दुपार झाली तरी पत्ता नाही. मालकीणबाईंचा चेहरा उतरला. कुरेबायाशीसान फाटकाशी उभे राहून नुसते भांगावरून हात फिरवत होते. उन्हं कलायला लागली तेव्हा गाडी आली. दारातून आधी वामीच्या डब्यांची चळत बाहेर आली, मग नागुरासान.

"गिऱ्हाइकांचे डबे पोचवायचे होते," त्या म्हणाल्या. "गाडी हाताशी होती. हे तुमच्यासाठी आणलेत, गरम आहेत तोवर खा. आणि गाडी घेते मी."

कुरेबायाशीसान आत गोदामात गेले आणि बराच वेळ पंपांची पाहणी करत राहिले. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते.

गाडी ताब्यात द्यायच्या दिवशी नागुरासाननी हट्ट धरला, की इंजिनिअरसाहेबांनी शेजारी बसायचं. ते नको नको म्हणत होते. आम्हाला वाटलं, लाजतायत. गाडी दोनच माणसांची, म्हणून मी कंपनीच्या मालगाडीतून मागे निघाले. चिदोरी पुढे मजेत चालली होती. पुलावर दोनदा डुलली, घाटाच्या सुरुवातीला दोनदा डुलली, आणि चहाच्या मळ्यांपाशी अचानक कडेला थांबली. कुरेबायाशीसान उतरले, चहाच्या दोन ओळींमधून नीट सरळ रेषेत काही पावलं चालत गेले आणि वाकले.

त्यांना गाडी लागते, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. म्हणूनच ते आयुष्यभर गाड्या सरळ करत बसले होते.

नागुरासान त्यांची पाठ चोळत होत्या. मी पाण्याची बाटली घेऊन धावले.

"दुसरा झोका," कुरेबायाशीसान तोंड पुसत म्हणाले, "केसभर जास्त आहे."

"मला तर एक कमीच वाटला," नागुरासान म्हणाल्या.

"तिसरा झोका?" त्यांनी घाबरून विचारलं.

"पुढच्या वर्षी बघा. घाई नाही. आधी चूळ भरा."

त्यांनी चूळ भरली. मग बांधावर बसून ते हसायला लागले. त्यांना हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं. त्यांचा भांग पार विस्कटला होता आणि तो नीट करायचं त्यांच्या लक्षातही आलं नाही. परत जाताना त्यांनी माझ्या मालगाडीत बसायचं ठरवलं. वाटेत नागुरासान आम्हाला मागे टाकून पुढे गेल्या. उंचवटा नव्हता तिथंही त्या गाडी डुलवत होत्या.