ताईंच्या उजव्या हातातली कात्री

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे, कापड बेतायची, चांगली वजनदार. लोहाराने मला तापवून, ठोकून घडवलं आणि एका शिंपीणबाईंनी चार कात्र्या हातात तोलून मलाच उचललं. त्यांची धाकटी बहीण त्यांना ताई म्हणे, म्हणून माझ्याही त्या ताईच. ताई बेतायच्या, धाकटी शिवायची. खडूची रेघ ताईंनी कधी चुकवली नाही. गिऱ्हाइकं म्हणत, कात्री कशी लोण्यातून जावी तशी जाते! कौतुक ताईंच्या हाताचं असे, फुगायचे मात्र मी.

एकदा दुकानाच्या खिडकीची काच फुटून ताईंच्या उजव्या मनगटात शिरली. वरवर टाके पडले, रक्त थांबलं. बोटं बधिर झाली होती. पण हातात कामं होती. येईल हळूहळू, म्हणत ताईंनी दुखणं अंगावर काढलं. मी त्यांच्या हातातून निसटू लागले.

मग एका दुपारी करपल्याचा वास सुटला. धाकटीला वाटलं, कापड जळलं. बघते तर ताईंचं बोट तापलेल्या इस्त्रीला टेकलेलं, आणि ताई निवांत गिऱ्हाइकाशी बोलत होत्या.

धाकटीने त्यांना दवाखान्यात नेलं, तेव्हा कळलं, मनगटातला मज्जातंतू तुटला होता. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन करून तो जोडला आणि एक नवं औषध सुचवलं. त्याच्या चाचण्या अजून चालू होत्या. त्या म्हणाल्या, "याने तंतू वाढायला कदाचित मदत होईल. पण ताई, तुम्ही फार उशिरा आलात."

गोळ्यांनी ताईंना मळमळे, अन्नावरची वासना उडाली. धाकटी म्हणाली, "ताई, सोड ना ते औषध."

"सोडलं, आणि त्यानेच गुण येणार असला तर?"

रोज त्या डोळे मिटून मला चाचपत. मी थंडगार लोखंड. त्यांना काही कळत नसे.

काही महिन्यांनी अंगठ्यात मुंग्या आल्या, मग कळा. धाकटी वेदनेची गोळी आणायला उठली, तर ताई रडत म्हणाल्या, "राहू दे. दुखतंय, म्हणजे अंगठा अजून माझा आहे."

पण गाडी तिथेच अडली. दोन बोटं मेल्यासारखीच राहिली. अंगठ्याच्या मुळाशी असलेलं मांस झडून खळगा पडला. जे आलं ते औषधाने की आपोआप, हे डॉक्टरीणबाईंनाही सांगता आलं नाही. ताईंनी मला डाव्या हातात धरून पाहिलं. माझी पाती उजव्या हातासाठी घडलेली, कापड नुसतं दुमडलं. त्यांनी मला पुसलं आणि खणात ठेवलं. दुकानात आता फक्त उसवलेल्या शिवणी येतात. मी गंजते आहे.

मित्रांनो, लोखंडाला पुन्हा धार लावता येते. हाताचं तसं नाही. तुमच्या घरी कुणाला जखम झाली आणि बोटं बधिर पडली, तर त्यांना 'नंतर बघू' म्हणू देऊ नका. हात धरून लगेच दवाखान्यात न्या. आणि वाटेत विचारा, मी हात धरलाय, तो कळतोय ना?