सांध्याजवळची मोहरी

“मोहरी सांडली होय बाई इथं?”

परीक्षकांनी तक्त्यावर छडी टेकवली आणि एक दाणा निखळून टेबलावर पडला.

त्र्याऐंशी साल, तुळजापुरातलं विज्ञान प्रदर्शन. नागम्मा जळकोटच्या शाळेत प्रयोगशाळा सांभाळायची. शंकरप्पा सरांनी चेतापेशीचं चित्र काढलं होतं. प्रथिनं बनवणारे कण म्हणून त्यावर मोहरी तिनंच डकवली. सोमवारच्या उपवासात, देवाला फूल वाहावं तशी. याच विषयावरचं, सोलापूरहून येणारं इंग्रजी मासिक घ्यायला सर आत्ताच स्टँडवर गेले होते.

“प्रथिनं पेशीच्या मधल्या भागात बनतात,” परीक्षक म्हणाले. “हे कण पार फांदीवर, दुसऱ्या पेशीशी जोडणाऱ्या सांध्याजवळ कसे? चूक आहे. तक्ता बाद.”

जळकोटला आजवर कधी नंबर नव्हता. नागम्मानं पदर सावरला.

“चूक न्हाय साहेब. सरांनी सांगून लावून घेतलंय.”

“का, ते सांगा की मग.”

“घ्या! आता शिपाईणबाई शिकवणार,” शेजारच्या टेबलावरून कुणी तरी हसलं.

“बहात्तरच्या दुष्काळात आमी पाझर तलावाच्या कामावर व्हतो,” ती हळूच म्हणाली. “सासूबाई घरून भाकरी धाडायच्या. तीन कोस! येस्तोवर भाकरीचं खापर व्हायचं. अन् तिथं कुणाला किती भूक, ते घरी बसून काय कळावं? मग त्यांनी पीठ अन् तवाच धाडला. भाकरी कशी करायची, तेवढा निरोप त्यांचा. थापायची आमी, जिथं काम तिथंच. ह्या पेशीचं बी तसंच. मधल्या घरातून निरोप येतो, अन् जो सांधा कामाला लागला त्याच्यापाशीच प्रथिन तयार व्हतं. त्यानं सांधा घट्ट व्हतो, शिकलेलं ध्यानात ऱ्हातं, असं सर म्हणत्यात.”

शेजारचे हसणारे तक्ता बघायला जवळ सरकले. तेवढ्यात शंकरप्पा सर धापा टाकत आले आणि त्यांनी मासिकाचं पान उघडून धरलं. चेतापेशीचा हजारो पटींनी मोठा केलेला फोटो होता. सांध्याच्या बुडाशी काळ्या कणांचा झुबका, अगदी मोहरीसारखा.

परीक्षकांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

“आपलं पुस्तक मागं पडलं म्हणायचं, सर.”

संध्याकाळी पहिला क्रमांक पुकारला, “जळकोट!” सरांनी ढाल घेतली आणि ती सरळ नागम्माच्या हातात दिली.

नागम्मा तक्ता गुंडाळायला लागली, तेव्हा परीक्षक पुन्हा टेबलापाशी आले. त्यांच्या तळहातावर तो निखळलेला दाणा होता.

“हा कुठला, बाई?”

“सांध्याजवळचा, साहेब.”

त्यांनी डिंकाचा थेंब मागून घेतला, दाणा जागेवर ठेवला आणि सुटू नये म्हणून बराच वेळ बोटानं दाबून धरला.