सहावा गाळा

महाविद्यालयाच्या तंत्र-उद्योग केंद्रात सहा गाळे होते. पहिल्या पाच गाळ्यांतून बाहेर पडलेला एकही उद्योग वर्षभर टिकला नाही. सहाव्या गाळ्यातून बाहेर पडलेले तिन्ही टिकले. सहाव्या गाळ्याचे पत्रे गळत होते.

अमळनेरला कापूस मोजणारा रुपचंदचा इलेक्ट्रॉनिक काटा, दोंडाईच्याला मिरचीपुडीच्या पिशव्या बंद करणारे लताबाईंचे यंत्र आणि धुळ्यात गिरणीची मोटर जपणारी रतिलालची पेटी, या तिन्हींचा जन्म त्याच गाळ्यातला. गाळ्याशेजारी शेंदूर फासलेला एक दगड होता आणि कारण विचारणाऱ्याला बहुतेक जण त्या दगडाकडे बोट दाखवत.

केंद्रप्रमुख इंदिराबाई कोल्हे पदार्थविज्ञान शिकवत. त्यांचा दगडावर विश्वास नव्हता. पण दगड हे कारण नव्हे, एवढे म्हटल्याने खरे कारण हाती लागत नाही, हेही त्या जाणून होत्या. म्हणून या विषयावर त्या गप्प बसत.

१९९४ च्या फेब्रुवारीत एका दुपारी दुसऱ्या गाळ्यातला तोताराम चौधरी एक पेटी काखेत मारून त्यांच्यापुढे उभा राहिला. पुण्याची नोकरी सोडून आलेला हा इंजिनिअर फैजपूरच्या केळीवाल्याचा मुलगा. विहिरीवरचा पंप आपोआप सुरू-बंद करणारी पेटी त्याने बनवली होती. मार्चअखेर ती एखाद्या शेतात चालती दिसली नाही, तर केंद्राच्या नियमाप्रमाणे त्याला गाळा सोडावा लागणार होता.

"पुन्हा परत आली?" इंदिराबाईंनी विचारले.

"आली. फैजपूरचा दुकानदार चारचौघांत म्हणाला, 'चौधरी, तुमची पेटी माहेरी गुणाची, सासरी आली की रुसते.'"

चाचणी कक्षात पेटी लावली. ती बिनतक्रार चालली. आजवर परत आलेली प्रत्येक पेटी इथे अशीच चालली होती.

"मॅडम, महिनाभर मला सहावा गाळा द्या," तोताराम म्हणाला.

"कशासाठी?"

"लाभतो म्हणतात."

"तुम्ही इंजिनिअर ना?"

"आहे ना. बुडत चाललेला इंजिनिअर."

सहावा गाळा त्या वेळी रिकामाच होता. केंद्राच्या सुधारणेसाठी सरकारी अनुदान आले होते. त्यातून या गाळ्याला नवे पत्रे आणि नवी वीजजोडणी मिळायची होती. इंदिराबाई तोतारामला घेऊन तिकडे गेल्या, तेव्हा वायरमन सुपडू शिडीवर चढून नवी केबल भिंतीवर ठोकत होता.

"मॅडम, जागा भारी शे," तो वरूनच म्हणाला. "बठ्ठा आठेच तरनात. चौधरी भाऊ, नारळ फोडा." सगळे इथेच तरले, हे तो अहिराणीत सांगत होता.

"नारळ नंतर. आधी पेटी लावा," इंदिराबाई तोतारामला म्हणाल्या.

तोतारामने पेटी गाळ्यातल्या जुन्या जोडणीवर लावली. आतला रिले, म्हणजे पंप चालू-बंद करणारा खटका, कडकड वाजू लागला, दिवा मिचमिचला आणि पेटी बंद पडली.

"झालं," तोताराम म्हणाला. "लाभणाऱ्या गाळ्यालाही मी नकोसा झालो."

"नारळ आधी फोडाना व्हता," शिडीवरून निर्णय आला.

इंदिराबाईंचा चेहरा मात्र उजळला होता. पेटीचा दोष त्यांना प्रथमच डोळ्यांसमोर दिसत होता. "पुन्हा चालू करा," त्या म्हणाल्या. पेटी पुन्हा तशीच कडकडली. त्यांनी सुपडूकडून मीटर घेऊन वीज मोजली. चाचणी कक्षात काटा दोनशे तीस व्होल्टच्या खाली कधी उतरत नसे. इथे तो दीडशेच्या आसपास डुलत होता.

"सुपडू, ही लाइन कुठली?"

"शेतनी. आठे पहिले पंप व्हता ना! बाकीना गाळा शहरनी लाइनवर. त्यास्ले स्टॅबिलायझर बी शे."

यात गुपित काहीच नव्हते. हा गाळा म्हणजे जुने पंपघर, हे इंदिराबाईंनाही ठाऊक होते. इथे बसलेल्या प्रत्येकाने विजेच्या नावाने बोटे मोडली होती. रुपचंद तर इथल्या दिव्याला काजवा म्हणे. त्या तक्रारी ऐकूनच इंदिराबाईंनी सुधारणेच्या आराखड्यात नवी केबल सगळ्यात वर घातली होती. हे तिघे अडचण असूनही टिकले, असे त्या समजत आल्या होत्या. अडचणीमुळे टिकले असतील, ही शंका त्यांना शिवली नव्हती.

"सुपडू, खाली उतरा. केबल जोडू नका."

"आन् पत्रा?"

"पत्रे बदला. गळणाऱ्या पत्र्यांनी कुणाचं भलं झाल्याचं मला अजून दिसलेलं नाही." मग त्या तोतारामकडे वळल्या. "चौधरी, सामान इथे आणा. इथे चालेल ती पेटी फैजपूरला चालेल."

"म्हणजे नारळ फोडायचा?"

"खुशाल फोडा. खोबरं मलाही द्या."

एका पेटीवरून सिद्धांत मांडणे त्यांना मान्य नव्हते. पहिल्या पाच गाळ्यांची परत आलेली जी यंत्रे कपाटात पडून होती, ती त्यांनी सहाव्या गाळ्यात आणून लावली. दुपारी शेतांतले पंप सुरू झाले, तसे व्होल्टेज उतरले आणि ती अडखळत बंद पडली. मग त्यांनी प्रयोगशाळेतून व्होल्टेज कमी-जास्त करणारे उपकरण आणले आणि चाचणी कक्षातच वीज दीडशेवर उतरवली. तिथेही तेच घडले. तोतारामने कमी व्होल्टेजवरही चालतील असे ट्रान्सफॉर्मर आणि रिले बसवले. मार्च सरण्याआधी त्याची पेटी फैजपूरच्या एका केळीबागेत चालू लागली आणि त्याचा गाळा राहिला.

प्राचार्यांना इंदिराबाईंनी कारण सांगितले ते असे. सहावा गाळा शेतीच्या लाइनवर असल्यामुळे तिथे बनणारे यंत्र पहिल्याच दिवशी अडत असे. मालक चरफडत ते दुरुस्त करी, आणि म्हणून ते पुढे गावात चाले. बाकीच्या पाच गाळ्यांना केंद्राने चांगली वीज पुरवली होती. गावाहून परत आलेले यंत्रही त्याच चांगल्या विजेवर तपासले जाई, आणि दर वेळी निर्दोष ठरे.