साडेचार तास मागे

स्पॅनिशचा एक धडा झाला की यशवंतराव हुक्केरी सहा मिनिटांनी मागे पडायचे. पंचेचाळीस धड्यांत ते साडेचार तास मागे गेले आणि तिथेच थांबले. स्पेनचं घड्याळ तेवढंच मागे असतं म्हणे. बायकोने आठला दिलेला चहा ते साडेबाराला प्यायचे, तोही फुंकून फुंकून.

आता ह्यात नवल कसलं! सांगलीतली ती अख्खी कॉलनीच मागे पडली होती. आधी वर्गात चार पेन्शनर होते, मग त्यांच्या सुना आल्या, मग दवाखान्यातल्या नर्सबाई. शेवटी मंगल कार्यालय घ्यावं लागलं. टाळ्या वाजवून नाचणं काय, टोमॅटोचं गार सार काय! सगळे सारखेच मागे, त्यामुळे आपसांत त्यांचं झकास जमायचं. पंचाईत झाली ती एकट्या इंदुमतीबाईंची. सकाळी त्यांनी विचारावं, "अहो, भाजी कोणती करू?" आणि जेवणं उरकल्यावर उत्तर यावं, "दोडका कर."

बिचाऱ्या वर्गात नाव घालायला गेल्या.

"या की, काकू," शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. "सोमवारी पहिला धडा. पंधरा आठवड्यांत काकांपर्यंत पोचाल."

पण शनिवारी सकाळी पावणेनऊ होऊन गेले तरी यशवंतराव ढाराढूर. उशाशी चहा निवलेला. त्या कपाकडे बघून इंदुमतीबाईंचं डोकंच फिरलं. भांडायलासुद्धा माणूस जागेवर नाही म्हणजे काय! नऊला पाच कमी असताना त्या कडाडल्या, "राहा तिकडेच! मला नकोच आहात तुम्ही!"

मग अर्ध्या तासाने उठवायला हात लावला, तर अंग गार.

शेजारच्या कॉलनीतले डॉक्टर अवंधकर आले. मनगट धरून म्हणाले, "नऊला गेले, काकू. दीडपर्यंत त्यांना कळायचं नाही."

साडेदहाला यशवंतराव उठले. दात घासले. अंगणात कॉलनीबाहेरचे नातेवाईक तिरडी बांधत होते, त्यांना वळसा घालून पेपर घेऊन आले. साडेबाराला गार चहा फुंकून प्यायले आणि मोठ्याने क्रियापदं पाठ करू लागले. भिंतीशी बसलेल्या बायका डोळे पुसत होत्या.

इंदुमतीबाई त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या होत्या. "अहो, तसं नव्हतं हो म्हणायचं मला. रागात तोंडून गेलं. ऐका ना!"

हे त्यांच्यापर्यंत पोचायला साडेपाच वाजणार होते. साडेपाचला ऐकायला कोण असणार?

"डॉक्टर, काहीतरी करा. तेवढं एक वाक्य अडवा."

"ते सकाळीच निघालंय, काकू. एक पंचवीसला पोचणार."

एक वाजून चोवीस मिनिटं झाली. इंदुमतीबाईंनी दोन्ही तळहातांनी त्यांचे कान गच्च दाबून धरले. यशवंतरावांनी वही मिटली, त्यांच्याकडे मान वळवली आणि हसून म्हणाले, "हं, बोल. ऐकतोय."