सावळीराम बुधा, मखमलाबाद

मित्रांनो, मी एक जुनं कॅरेट आहे. आमच्या नाशिककडे टोमॅटो भरायच्या प्लॅस्टिकच्या जाळीदार खोक्याला कॅरेट म्हणतात. सोन्याशी माझा काहीही संबंध नाही. कारखान्यातल्या साच्यातून गरमागरम बाहेर पडलो, तेव्हा हुबेहूब माझ्यासारखे भाऊ शेजारी रचलेलेच होते. त्यामुळे आपण कुणीतरी विशेष आहोत हा गैरसमज मला लहानपणीसुद्धा झाला नाही. माणसांना तो बराच काळ पुरतो.

मखमलाबादच्या सावळीरामभाऊंनी आम्हाला विकत आणलं आणि पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या बरगडीवर निळ्या रंगात लिहिलं : ‘सावळीराम बुधा, मखमलाबाद’. पंचवटीच्या बाजारात लिलावाला कॅरेटांवर कॅरेटं चढलेली असतात. माल व्यापाऱ्याकडे जातो, पण रिकामं कॅरेट घरी यायला हवं. बिननावाचं कॅरेट कुणाच्याही टेम्पोत चढतं आणि कुठल्याही गावाला लागतं. “ज्याला परत यायचंय, त्याच्यावर नाव पाहिजे,” असं भाऊ म्हणत. नावाचा आणखी एक उपयोग होता. वर लालभडक आणि खाली सडका असा माल निघालाच, तर शिव्या कुणाला घालायच्या हे व्यापाऱ्याला शोधावं लागत नसे. भाऊंना मात्र त्या कधी खाव्या लागल्या नाहीत.

पुढे माझा एक कोपरा तडकला आणि मला बाजारातून निवृत्त केलं. गोठ्यात मी कोंबडीचं घर झालो. कोंबडीने माझं कधी कौतुक केलं नाही, तशी तक्रारही केली नाही. भंगारवाला आला की मात्र मी श्वास रोखून धरत असे.

अशात भाऊंच्या मुलीला, वैष्णवीला, एका मोठ्या कंपनीत नोकरी लागली. कंपनी मिक्सर, फ्रिज वगैरे बनवणारी. वैष्णवीने तिची वेबसाइट बनवायची. पहिले सहा महिने घरून काम. ते पटलं तर नोकरी पक्की आणि पुण्याच्या ऑफिसात स्वतःचं टेबल. नाही पटलं तर रामराम. घरात टेबल नव्हतं. वैष्णवीने मला घासूनपुसून पालथं घातलं, माझ्यावर लॅपटॉप ठेवला आणि समोर मांडी घालून बसली. मित्रांनो, आयुष्यभर तोंड वर करून जगलो तेव्हा डोक्यावर टोमॅटो पडले आणि पालथा पडल्याबरोबर बढती मिळाली. मोठ्या कंपन्यांतही असंच असतं म्हणे.

तिचं काम मला लगेच समजलं. वेबसाइटचं पान म्हणजे चौकोनात चौकोन, त्या चौकोनात आणखी चौकोन. थोडक्यात, कॅरेटंच. एकाच पानावर पुष्कळ जण काम करत. सगळ्यांच्या चौकोनांत आपला चटकन ओळखू यावा म्हणून वैष्णवीने घरची रीत वापरली. ‘मिक्सर दुरुस्ती केंद्र’ असा तिचा चौकोन होता. त्यात खऱ्या पत्त्याच्या जागी तिने तात्पुरतं लिहिलं : ‘सावळीराम बुधा, मखमलाबाद’. काम झालं की पुसायचं होतं. शुक्रवारी संध्याकाळी ते पान सगळ्या देशासाठी खुलं झालं. पुसायचं राहिलं होतं.

शनिवारी सकाळी देवळाली कॅम्पातून एका जवानाची बायको स्कूटरवर मिक्सर बांधून आली. सावळीराम बुधांचं दुकान कोणतं, असं गावभर विचारत आली, आणि गावाने मोठ्या उत्साहाने तिला आमच्या ओसरीवर आणून सोडलं. उज्ज्वलावहिनी, म्हणजे वैष्णवीची आई, मेथीच्या जुड्या बांधत होत्या. त्यांनी आधी पाणी दिलं आणि मग काय काम आहे ते विचारलं. बाईंनी मोबाइलवर पान दाखवलं. ते पाहून वैष्णवीचा चेहरा कोबीच्या आतल्या पानासारखा झाला.

भाऊंनी स्वतःचं नाव दोनदा वाचलं. मग शांतपणे म्हणाले, “नाव टाकलंस ते टाकलंस, खाली मोबाइल नंबर तरी टाकायचा. बाईंना गाव पालथं घालावं लागलं ना.”

वहिनींनी लेकीला बाजूला घेतलं. गुपचूप पुसून टाक, कुणाला कळायचं नाही, पाच महिने झालेत, आता कशाला विषाची परीक्षा, असं त्या कुजबुजल्या. त्यांचं चूक नव्हतं. नाव पुसणं खरंच एका बोटाचं काम होतं. वैष्णवीने भाऊंकडे पाहिलं. ते मिक्सर काखोटीला मारून निघाले होते.

“बाबा, तुम्ही कुठे चाललात?”

“गावात. बारकू वायरमनकडं. आपलं नाव वाचून आल्यात त्या. माघारी कशा पाठवायच्या?”

वैष्णवी माझ्यासमोर येऊन बसली. आधी तिने नाव पुसलं. मग, बाई निघून गेल्यावर, तिच्या वरिष्ठ साधना मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगितलं. दुसऱ्या कुणाचंही नाव घेतलं नाही.

मॅडमनी आधी एवढंच विचारलं :

“हे सावळीराम कोण?”

“माझे वडील.”

“आणि त्या बाईंच्या मिक्सरचं काय झालं?”

“बाबांनी आत्ताच दुरुस्त करून आणून दिला, मॅडम. चहा पिऊन गेल्या त्या.”

मग मॅडम म्हणाल्या, “आपल्या कंपनीत आठ दिवस लागतात.”

त्या हसल्या की नाही, ते मला पालथ्याला कळलं नाही. सोमवारी वैष्णवीची पुष्कळ कानउघाडणी झाली. दुसऱ्याने तपासल्याशिवाय तिचं एकही पान पुढे जायचं नाही असं ठरलं. महिनाअखेर नोकरी मात्र पक्की झाली.

काल ती पुण्याला गेली. निघण्याआधी भाऊ निळ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आले आणि तिच्या नव्या बॅगेसमोर उकिडवे बसले.

“बाबा, कोरी बॅग आहे ती!”

“म्हणून तर,” भाऊ म्हणाले आणि सावकाश, एकेक अक्षर लिहू लागले. लिहून झाल्यावर वैष्णवीने त्यांच्या हातातला ब्रश घेतला आणि माझ्या बरगडीवरची पुसट अक्षरं गिरवली.

मित्रांनो, जुनी वस्तू भंगारात देण्याआधी एकदा पालथी घालून बघा, एवढंच माझं मागणं आहे. आणि घरातून कुणी लांब निघालं, तर त्याच्यावर आपलं नाव घाला. मला आता कुठेच जायचं नाही. कोंबडी परत आली आहे, ओल्या रंगाला तेवढी पिसं चिकटवते. पण बॅगेवर आणि माझ्यावर एकच नाव आहे. पुण्याच्या गर्दीत चुकामूक झालीच, तर जुळवून बघायला मी इथे आहे.